ओले-योहान डाल

ओले-योहान डाल (जन्म : मांडाल, नॉर्वे, १२ ऑक्टोबर १९३१; मृत्यू : २९ जून २००२) हे नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञ होते. क्रिस्टन नीगार्ड यांच्यासह त्यांनी सिम्युला १ आणि सिम्युला ६७ या संगणकभाषा निर्माण केल्या. ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे वस्तुकेंद्री आज्ञावलीचा पाया असलेली 'क्लास' ही संकल्पना सिम्युला ६७ मधून पुढे आली.

बालपण आणि शिक्षण

डाल यांचे वडील जहाजाचे कप्तान होते आणि घराण्यात अनेक पिढ्या दर्यावर्दी होऊन गेले होते. मुलाचा ओढा मात्र गणिताकडे आणि पियानोकडे होता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात असताना हे कुटुंब स्वीडनमध्ये आश्रयास गेले. तेव्हा डाल तेरा वर्षांचे होते. युद्धानंतर त्यांनी ऑस्लो विद्यापीठात गणिताचे शिक्षण घेतले. १९५२ पासून ते संरक्षण संशोधन संस्थेत यान गार्विक यांच्या हाताखाली काम करू लागले. फेरँटी मर्क्युरी या यंत्रासाठी त्यांनी तेथे एक उच्चस्तरीय भाषा आणि तिचा कंपायलर तयार केला.

सिम्युला

१९६३ मध्ये डाल नॉर्वेजियन संगणन केंद्रात नीगार्ड यांच्याकडे आले. प्रत्यक्ष जगातील व्यवहारांची प्रतिकृती संगणकात उभी करणारी भाषा नीगार्ड यांना हवी होती. ती यंत्रावर कशी चालवावी, हा प्रश्न डाल यांनी सोडविला. सिम्युला १ चा कंपायलर युनिव्हॅक ११०७ या संगणकावर १९६५ च्या प्रारंभी पूर्ण झाला.

पुढचा पेच टोलनाक्यावरील रांगेसारख्या साध्या उदाहरणातून आला. रांगेत ट्रक असतात, बसही असतात. दोहोंचे गुणधर्म निराळे, पण वाहन म्हणून बरेचसे समान. समान भाग पुनःपुन्हा का लिहावा? एका क्लासच्या वर्णनाला दुसऱ्याचे वर्णन उपसर्गाप्रमाणे जोडण्याची युक्ती यातून निघाली; आज तिला इन्हेरिटन्स म्हणतात. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळील लीसेबू येथील परिषदेत ही कल्पना मांडण्यात आली.

क्लास आणि कंपायलर

डाल यांचे कंपायलरविषयक काम भाषेच्या आराखड्याइतकेच महत्त्वाचे आहे, तथापि त्याची चर्चा कमी होते. कंपायलर आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करतो तेव्हा क्लासचे नाव, त्यातील घटकांची नावे व त्यांचे प्रकार नाहीसे होतात. उरतात केवळ स्मृतीतील पत्ते आणि आकडे. सिम्युलामध्ये प्रत्येक ऑब्जेक्टसोबत त्याच्या वर्णनकोष्टकाचा पत्ता ठेवलेला असे. या कोष्टकाला प्रोटोटाइप म्हणत. ऑब्जेक्टचा आकार केवढा, त्यात इतर ऑब्जेक्टांचे पत्ते कोठे आहेत, हे त्यावरून कळे. निरुपयोगी स्मृती मोकळी करण्यास आणि ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा आहे हे आज्ञावली चालू असताना तपासण्यास हे कोष्टक उपयोगी पडे.

या सोयींची किंमत होती. केंब्रिज येथे पीएच.डी. करणाऱ्या बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांना सिम्युलाचे क्लास अतिशय उपयुक्त वाटले. परंतु मोठी आज्ञावली फार संथ चालू लागली आणि मुख्यतः स्मृती मोकळी करण्यातच वेळ जाऊ लागला. त्यांनी ती बीसीपीएल या भाषेत नव्याने लिहिली. ती वेगवान झाली, पण चुका शोधणे अतिशय त्रासदायक ठरले. या अनुभवातून १९७९ मध्ये त्यांनी ज्या कामास आरंभ केला, त्यातून सी++ ही भाषा साकारली.

सी++ मधील साध्या ऑब्जेक्टसोबत वर्णनाचा पत्ता नसतो. मग डीबगरला, म्हणजे चुका शोधण्याच्या साधनाला, समोरचे आकडे ट्रकचे की बसचे हे कसे कळावे? सी++ चा आरंभीचा कंपायलर मूळ मजकुराचे सी भाषेत रूपांतर करीत असल्याने डीबगरमध्ये लेखकाची नावे बदललेल्या, विचित्र रूपात दिसत. यावरील उपाय म्हणजे कंपायलरने क्लासचे वर्णन यंत्रभाषेतील मजकुरासोबत, पण त्याहून वेगळ्या विभागात लिहून ठेवणे. ड्वॉर्फ या प्रचलित पद्धतीत क्लासचे नाव व एकूण आकार, प्रत्येक घटकाचे नाव, प्रकार व आरंभापासूनचे अंतर, मूळ क्लासचा भाग कोठे सुरू होतो आणि फंक्शन्स कोणती, यांची झाडासारखी नोंद असते. आज्ञावलीच्या नेहमीच्या वाटचालीत ही नोंद वाचली जात नाही, त्यामुळे वेग घटत नाही. ड्वॉर्फ ही डाल यांची निर्मिती नव्हे. परंतु क्लासचे वर्णन भाषांतरानंतरही टिकले पाहिजे, ही गरज सिम्युलाच्या कंपायलरमध्ये ओळखली गेली होती.

उत्तरायुष्य

१९६८ मध्ये डाल ऑस्लो विद्यापीठात प्राध्यापक झाले. डायक्स्ट्रा आणि होर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग' हे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे आज्ञावलीची अचूकता गणिताने सिद्ध करण्याकडे ते वळले. स्वभावाने ते अबोल होते. संगीताची आवड अखेरपर्यंत टिकली.

२००१ चा ट्युरिंग पुरस्कार डाल आणि नीगार्ड यांना विभागून मिळाला. पुरस्कारप्रसंगी द्यावयाचे व्याख्यान मात्र झालेच नाही. डाल यांच्यानंतर सहा आठवड्यांनी, १० ऑगस्ट २००२ रोजी नीगार्डही निवर्तले. ऑस्लो विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या नव्या इमारतीस डाल यांचे, तर जुन्या इमारतीस नीगार्ड यांचे नाव देण्यात आले आहे.