संत जोसेफ वाझ : घराघरातील श्रद्धेचा वारसा

गोव्यातील बाणावली येथे २१ एप्रिल १६५१ रोजी ख्रिस्तोफर वाझ व मारिया दि मिरांडा ह्या श्रद्धाळू दांपत्याच्या पोटी संत जोसेफ वाझ जन्मले. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. त्या काळी श्रीलंकेत डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. तरीही तेथील मातापित्यांनी घरोघरी श्रद्धेचा दिवा तेवत ठेवला होता. १६८७ मध्ये फादर वाझ भिक्षेकऱ्याच्या वेशात तेथे पोहोचले. गळ्यातील रोझरी हीच त्या कुटुंबांसाठी त्यांची ओळख ठरली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे ते प्रभुवासी झाले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संत घोषित केले.

लातूर जिल्ह्यातील मुरुडसारख्या गावी आपण मुलांसाठी घर-शेत राखतो. सायंकाळची कौटुंबिक प्रार्थनाही राखू या.