थोरांची ओळख : सर विश्वेश्वरय्या



बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची ओळख आम्ही करून देत आहोत. त्यांचा जन्म १८६१ साली मुद्देनहळ्ळी येथे झाला. लहानपणीच वडील वारले. शिकवण्या करून ते शिकले. १८८३ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते मुंबई इलाख्यात पहिले आले. तेव्हा आपले बेळगावही त्याच इलाख्यात होते.

सिंधमधील सक्कर शहराला सिंधू नदीचे गढूळ पाणी प्यावे लागे. गाळणीच्या टाक्या बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदली. वाळूतून झिरपलेले पाणी नितळ होऊन विहिरीत येऊ लागले. १८९५ साली ही योजना पूर्ण झाली.

वाळू गाळ अडवते, पण पाण्यात विरघळलेले क्षार तिच्यातून निसटतात. त्यासाठी आजच्या आरओ यंत्रात अतिसूक्ष्म पडदा असतो. पंपाच्या दाबाने शुद्ध पाणी पडद्यापार जाते. क्षार उरलेल्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. ते पाणी फरशी पुसायला वापरावे.

१९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते वारले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. पैसा अपुरा असला तरी निसर्गाचा अभ्यास करून मार्ग काढता येतो, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.