वनस्पतिशास्त्रज्ञ थिओडोर कुक

आमच्या या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे देण्याचा परिपाठ आहे. यंदा आम्ही तो किंचित मोडीत आहो. ज्या गृहस्थाची ओळख येथे करून देत आहो तो ना ज्ञातीचा, ना देशाचा. परंतु नाशिककरांच्या डोंगरांवरील झाडाझुडपांची रीतसर नोंद घेणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे, व त्याच्या ग्रंथात आपल्याकडील काही नावेही दडलेली आहेत. वाचक क्षमा करतील अशी आशा आहे.

थिओडोर कुक यांचा जन्म इ. स. १८३६ मध्ये आयर्लंडात झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण संपवून १८६० मध्ये ते मुंबई-बडोदे रेल्वेचे इंजिनियर म्हणून इकडे आले व वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाचे काम त्यांनी केले. १८६५ मध्ये पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले आणि १८९३ पर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षे, त्या पदावर राहिले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच कॉलेजातून त्यांच्या अमदानीत बाहेर पडले व १८८४ मध्ये असिस्टंट इंजिनियर म्हणून प्रथम आपल्या नाशिकासच रुजू झाले, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

पूल बांधणारा मनुष्य पानाफुलांकडे कसा वळला, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. पण त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्रही शिकवीत व तेथे वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह उभा राहत होता. या संग्रहास हर्बेरियम म्हणतात. काम दिसावयास साधे आहे. फूल, फळ व पाने असलेली डहाळी टीपकागदांत घालून फळ्यांमध्ये आवळावयाची, कागद रोज बदलावयाचे, ती नीट वाळली म्हणजे जाड कागदावर डकवून खाली चिठ्ठी लावावयाची. कीड लागू नये म्हणून पूर्वी रसकापुराच्या द्रावणाचा उपयोग करीत. पावसाळ्यात कागद बदलण्याचा आळस केला की नमुना बुरसलाच. आणि चिठ्ठीत स्थळ, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव नसेल तर तो नमुना म्हणजे केवळ वाळलेले गवत. एकाच झाडास कोकणात एक नाव, घाटावर दुसरे, गुजराथेत तिसरे. नावांच्या या गोंधळातून सोडविणारा साक्षीदार तो वाळका कागदच.

निवृत्तीनंतर कुकसाहेब विलायतेस गेले व क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पतिसंग्रहात बसून त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहावयास घेतला. १९०१ मध्ये त्याचा पहिला भाग निघाला तेव्हा ते पासष्टीचे होते. १९०८ मध्ये काम पुरे झाले. सिंधपासून कारवारपर्यंतच्या वनस्पती त्यांत आहेत. प्रत्येकीचे वर्णन, फुलण्याचा काळ, मिळाले तेथे देशी नाव, आणि ती कोठे व कोणी गोळा केली हे सारे दिले आहे. गोळा करणाऱ्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह असेल तर तो नमुना स्वतः कुकसाहेबांनी डोळ्यांखालून घातला आहे असे समजावे. जो पाहिला नाही तो पाहिला नाही असे ते सरळ लिहितात. आपल्या इकडे ग्रंथ न पाहता अभिप्राय देणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत. म्हणून या उद्गारचिन्हाचे आम्हांस विशेष मोल वाटते.

त्या चिन्हांमागची नावे वाचताना मात्र मन थबकते. डालझेल, गिब्सन, वुड्रो ही साहेबमंडळी आहेत. पण कानिटकर आहेत, रानडे आहेत, आणि भिवाही आहे. भिवाचे तर आडनावही छापलेले नाही. काट्याकुट्यांतून हिंडून फुले खुडणारा, कागदांत दाबणारा हा मनुष्य इंग्रजी ग्रंथात दोन अक्षरांपुरता राहिला. तरीही त्याच्या साक्षीवर शास्त्र उभे आहे, आणि कुकसाहेबांनी ते नाव गाळले नाही हे त्यांच्या पदरी घातलेच पाहिजे.

कुक १९१० मध्ये क्यू येथे वारले. त्यांचा ग्रंथ १९५८ मध्ये भारत सरकारच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याने पुन्हा छापला. त्याच खात्याने १९९१ मध्ये एकट्या नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र पुस्तक काढले.

तरी काम संपले नव्हते. आपल्या अंजनेरीच्या डोंगरावर कंदिलासारख्या फुलाची एक खरपुडी वाढत होती. यात्रेकरू तिच्या शेजारून जात-येत होते. या गणातील अनेक जाती कुकसाहेबांच्या ग्रंथात आहेत, ही नाही. नवी जात ठरविताना आधीच्या जातींची वर्णने व जुने नमुने यांच्याशी ती ताडून पाहावी लागते. २००६ मध्ये ती नवी जात म्हणून प्रसिद्ध झाली, व तिच्या शास्त्रीय नावात अंजनेरीचे नाव कायमचे गोवले गेले.