सुरतेच्या डॉक्टरीणबाई

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन त्या परतल्या होत्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूकही ठरलेली होती. पण क्षयाने त्यांना कामाला सुरुवातच करू दिली नाही. त्यानंतर सहाच दिवसांनी, ४ मार्चला, मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांनी बावीस वर्षांच्या एका बाईविरुद्ध निकाल दिला. महिनाभरात नवऱ्याकडे नांदायला जायचे, नाहीतर सहा महिने कैद. या बाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. त्यांचे नाव रखमाबाई. पुढे पस्तीस वर्षे त्यांनी बायकांच्या रुग्णालयांत नोकरी केली. ती हकिकत मात्र खटल्यापेक्षा फारच कमी सांगितली जाते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४चा, मुंबईतला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. जातीत विधवेचे लग्न चालत असे, म्हणून आई जयंतीबाईंनी काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे सावत्र वडील मोठे विद्वान गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, वनस्पतींचा त्यांना नाद होता, मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९मध्ये छापली. १८८३मध्ये ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली, त्यांतल्या दोन भारतीयांपैकी ते एक होते. अशा घरातही मुलीचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला. मुलगी मात्र माहेरीच राहिली. पुस्तके आणि माणसे दोन्हींचा राबता असलेल्या त्या घरात ती घरच्या घरी शिकत गेली.

१८८४मध्ये दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून दावा लावला. पुढच्या वर्षी सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. नकळत्या वयात लग्न लावलेल्या आणि नवऱ्याजवळ कधीच न राहिलेल्या बाईला जबरदस्तीने पाठवणे त्यांना मान्य नव्हते. अपिलात तो निकाल टिकला नाही आणि १८८७चा हुकूम आला. मधल्या काळात ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने टाइम्स ऑफ इंडियात त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली होती. ‘केसरी’ने टिळकांच्या लेखणीतून त्यांच्यावर कडक टीका केली. शेवटी जुलै १८८८मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले. रखमाबाई मात्र कायद्याच्या दृष्टीने विवाहितच राहिल्या. हिंदू स्त्रीला घटस्फोट नव्हता.

आता पुढे काय, हा प्रश्न होता. ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे १८८३पासून मुलींना उघडे होते. पण रखमाबाईंचे शिक्षण सगळे घरातले, आणि मुंबईत त्यांचे नाव ऐकले नाही असा माणूस सापडणे कठीण. इथे डॉ. एडिथ पीची यांचा संबंध आला. १८६९मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला गेलेल्या पहिल्या बायकांपैकी ही एक. रसायनशास्त्रात वरचा क्रमांक मिळवूनही बाई म्हणून तिची शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली गेली, पदवी तर नाहीच. ती तिने स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातून मिळवली. १८८३ अखेर ती मुंबईत आली आणि १८८६मध्ये उघडलेल्या कामा रुग्णालयाची प्रमुख झाली. दार बंद झाले तर दुसरे कुठे उघडते, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. डॉक्टर होण्याचा मार्ग रखमाबाईंना तिनेच दाखवला. पैसे वर्गणीतून उभे राहिले.

१८८९मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. खासदार वॉल्टर मॅक्लारेन आणि त्यांच्या पत्नी इव्हा यांचा त्यांना तिथे आधार होता. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन ही बायकांनी बायकांसाठी १८७४मध्ये काढलेली संस्था. रुग्णांजवळचे शिक्षण रॉयल फ्री रुग्णालयात होई. १८९४मध्ये एडिंबरा आणि ग्लासगो इथल्या तीन वैद्यकीय संस्थांची एकत्रित परीक्षा त्या पास झाल्या. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली वर्षभर आधीच हीच परीक्षा देऊन परतल्या होत्या, आणि त्यांची प्रॅक्टिस तर त्याहीपूर्वीची. तेव्हा रखमाबाई भारतातल्या पहिल्या प्रॅक्टिस करणाऱ्या स्त्री-डॉक्टर, हे आपल्याकडे सर्रास लिहिले जाणारे वाक्य बरोबर नाही. त्यांच्या कामाला पहिलेपणाची गरजही नाही.

परतल्यावर कामा रुग्णालयात थोडे दिवस काढून त्या सुरतेला बायकांच्या रुग्णालयात प्रमुख म्हणून गेल्या. त्या काळच्या बाळंतपणांची कल्पना आज येणे कठीण आहे. बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, हवा येऊ नये म्हणून फटी बुजवलेल्या. नाळ कापायला घरात मिळेल ते हत्यार, त्यातून बाळाला धनुर्वात. मूल आडवे आले किंवा डोके अडकले तर दिवस-दीड दिवस सुईण प्रयत्न करी आणि सगळे उपाय थकले की बाई दवाखान्यात येई. असा रुग्ण मेला की दोष दवाखान्याला. मग पुढची बाई आणखी उशिरा येई.

आणि डॉक्टरच्या हातात काय होते? क्लोरोफॉर्म, चिमटे, टाके घालायचे सामान, कार्बोलिक आणि उकळलेले पाणी. सूतिकाज्वर जंतूंमुळे होतो आणि तो डॉक्टरच्या हातांनीच पसरतो, हे त्या शिकून आल्या होत्या. पण एकदा तो जडला की उपाय नव्हता. सल्फा औषधे १९३५ नंतर आली, पेनिसिलिन त्याच्याही नंतर. रक्तगटांचा शोध १९०० सालचा, आणि रक्त देण्याची सोय रुग्णालयांत यायला पुढे कित्येक वर्षे गेली. म्हणजे रखमाबाईंची सगळी नोकरी अँटिबायोटिकविना झाली. हात धुण्याची शिस्त सैल पडली की त्याची किंमत बाळंतिणीने द्यायची, अशी ती डॉक्टरकी होती. आज प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा मनात मांडून पाहावा.

त्या कामाला लागून दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १८९६मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि गुजरातेत पसरली. प्लेगची गाठ बहुधा जांघेत किंवा काखेत येते. पडद्यातल्या बाईला परका पुरुष तिथे हात लावणार म्हटल्यावर घरे रोगी लपवू लागली. स्त्री-डॉक्टरची गरज त्या वेळी सरकारलाही कळली. पाठोपाठ १८९९-१९००चा छप्पनिया दुष्काळ गुजरातवर कोसळला.

१९०४मध्ये दादाजी वारले. ज्या लग्नाला रखमाबाईंनी भर कोर्टात नकार दिला होता, त्या लग्नातल्या नवऱ्यामागे त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले. याचा अर्थ काय लावायचा, यावर बरेच तर्क झाले आहेत. परंपरेपुढे मान तुकवली म्हणणारे आहेत. घरोघरच्या बायकांना आपल्याजवळ यायला अवघड वाटू नये, असा व्यवहारी विचार त्यामागे असू शकतो. दवाखान्यात रुग्णाचा विश्वास बसण्यावर सगळे अवलंबून असते, हे दुसरे म्हणणे अधिक पटते. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही.

सुरतेत वीसहून अधिक वर्षे काढल्यावर १९१८च्या सुमारास त्यांना सरकारच्या स्त्री-वैद्यकीय सेवेत बोलावणे आले. ते नाकारून त्या राजकोटला संस्थानच्या जनाना रुग्णालयात गेल्या. तिथे त्यांनी रेड क्रॉसचेही काम उभे केले. १९२९-३०च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईला परतल्या. त्याच वेळी त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून एक पुस्तिका लिहिली. पडद्याआडच्या बायका किती उशिरा आणि कोणत्या अवस्थेत दवाखान्यात पोचतात, हे पस्तीस वर्षे पाहिलेल्या डॉक्टरचे ते लिहिणे होते.

खटल्यानंतरच्या वादळातून १८९१मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, तेव्हा त्या लंडनमध्ये शिकत होत्या. त्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. एवढ्याचसाठी देश ढवळून निघाला होता. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. ज्या स्वरूपाच्या दाव्यात रखमाबाई हरल्या, तो दावाही त्याच कायद्याच्या कलम ९मध्ये कायम राहिला. चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्या वारल्या. वय नव्वद.