ग्रेगोर मेंडेल

ग्रेगोर योहान मेंडेल (जुलै १८२२ – ६ जानेवारी १८८४) हे ऑस्ट्रियन साम्राज्यातील धर्मगुरू, शिक्षक आणि आनुवंशिकीशास्त्राचे जनक होत. त्यांचा जन्म सायलेशिया प्रांतातील एका खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. हे खेडे आता चेक प्रजासत्ताकात आहे. १८४३ मध्ये त्यांनी ब्रनो येथील ऑगस्टीनियन मठात प्रवेश केला.

अध्यापन

शिक्षकपदाच्या पात्रता परीक्षेत ते १८५० मध्ये अनुत्तीर्ण झाले. १८५६ मधील दुसरा प्रयत्नही सफल झाला नाही. तरीही १८५४ ते १८६८ या काळात त्यांनी ब्रनोतील शाळेत बदली शिक्षक म्हणून भौतिकशास्त्र व निसर्गविज्ञान शिकवले.

वाटाण्यावरील प्रयोग

१८५६ ते १८६३ दरम्यान त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे अभ्यासली. हे रोप थोड्या जागेत लवकर वाढते. त्याच्या मिटलेल्या फुलात स्वपरागण होत असल्याने हवा तो संकर नेमकेपणाने घडवता येतो. गोल व सुरकुतलेल्या बियांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या. हे प्रमाण जवळपास ३:१ होते. १८६५ मध्ये मांडलेल्या या निष्कर्षांचे महत्त्व १९०० मध्ये, म्हणजे मेंडेल यांच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी, जगाला उमगले.

शालेय शिक्षणातील स्थान

महाराष्ट्रातील शाळांत आनुवंशिकता आजही वाटाण्याच्याच उदाहरणाने शिकवली जाते. बुलढाणा जिल्ह्यात रब्बी हंगामात पिकणाऱ्या हरभऱ्याचे फूलही वाटाण्याच्या फुलासारखेच पतंगरूप व स्वपरागित असते. त्यामुळे मेंडेल यांनी हेच झाड का निवडले, हे तेथील विद्यार्थ्यांना गावच्या शिवारातील फूल उघडून समजून घेता येते.