दादासाहेब फाळके आणि रात्रपाळीच्या सरस्वतीबाई

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि ध्यासच घेतला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तंत्र शिकून कॅमेरा घेऊन आले.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. नुसत्या चार रिळांवर तेव्हाचा मुंबईकर खूश होत नसे. म्हणून त्याच तिकिटात गोऱ्या बाईंचा नाच, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू आणि विनोदी नकलाही होत्या.

तारामतीच्या भूमिकेला एकही बाई मिळेना, अगदी कोठ्यावरचीही. शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलातला स्वयंपाकी साळुंके लुगडं नेसून उभा राहिला. मग बाई चित्रपटात नव्हतीच का? होती की! फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा सगळ्या चमूचा स्वयंपाक करत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश पाडत आणि रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडत बसत. भांडवलासाठी गहाण पडलेले दागिनेही त्यांचेच.

फाळके मोठेच. पण त्यांनी हे ‘एकहाती’ केलं, असं कुणी म्हटलं की आम्ही तिथेच अडवतो.

बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकला वारले.