मिठाच्या पाण्याचे कोडे

प्रयोगशाळेत तुम्ही हा प्रयोग कदाचित पाहिला असेल. एका पेल्यात कोरडे मीठ घेतात. बॅटरी आणि लहान दिवा यांना जोडलेल्या दोन तारा त्या मिठात ठेवतात. दिवा लागत नाही. दुसऱ्या पेल्यात शुद्ध पाणी घेतात. तरीही दिवा लागत नाही. पण तेच मीठ त्या पाण्यात विरघळवले की दिवा लागतो! असे का होते? एकोणिसाव्या शतकात हे कोडे एका तरुण विद्यार्थ्याने सोडवले. त्याचे नाव स्वांटे अऱ्हेनिअस.

स्वांटेचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडन देशात, उप्साला शहराजवळ झाला. त्याचे वडील जमिनीची मोजणी करत. त्यांच्या हिशेबाच्या वह्यांतील बेरजा पाहता पाहता छोट्या स्वांटेला आकड्यांची गोडी लागली. तिसऱ्या वर्षीच तो आपला आपण वाचायला शिकला. शालेय शिक्षण संपवून १८७६ मध्ये त्याने उप्साला विद्यापीठात प्रवेश घेतला. पण त्याला हवे ते मार्गदर्शन तेथे मिळेना. म्हणून १८८१ मध्ये तो स्टॉकहोमला गेला. तेथे प्राध्यापक एडलुंड यांच्या प्रयोगशाळेत त्याने डॉक्टरेटसाठी संशोधन सुरू केले.

१८८२-८३ च्या हिवाळ्यात अऱ्हेनिअस यांनी अनेक द्रावणांतून वीज किती वाहते, हे मोजले. द्रावणात पाणी वाढवत गेले, की विरघळलेल्या पदार्थाची वीज वाहून नेण्याची क्षमता वाढते, हे त्यांना दिसले. याचे कारण काय असावे? १७ मे १८८३ च्या रात्री त्यांना उत्तर सुचले. त्या रात्री सगळा विचार पुरा केल्याशिवाय त्यांना झोप आली नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. द्रावणातील पदार्थाचा काही भाग क्रियाशील असतो आणि काही भाग निष्क्रिय असतो. वीज फक्त क्रियाशील भाग वाहून नेतो. पाणी वाढले की हा भागही वाढतो. असा तो विचार होता.

१८८४ मध्ये त्यांनी सुमारे १५० पानांचा प्रबंध उप्साला विद्यापीठाला सादर केला. त्यात ५६ विधाने होती. प्राध्यापकांना मात्र हा प्रबंध पटला नाही. नवी मूलद्रव्ये शोधणे, नवे क्षार तयार करणे, यालाच तेव्हा रसायनशास्त्र समजत. तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्लेव्ह यांनी स्वतः दोन मूलद्रव्ये शोधली होती. अऱ्हेनिअस यांच्या प्रबंधात तर नवा पदार्थ एकही नव्हता. होती ती मोजमापे, गणित आणि तर्क. प्रबंधाला चौथी श्रेणी देण्यात आली. पदवी मिळाली, पण एवढ्या कमी श्रेणीवर विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळणे कठीण होते.

मित्रांनो, अनेक वर्षांच्या कष्टांना असे फळ मिळाले, तर तुम्ही काय कराल? अऱ्हेनिअस यांनी आपल्या प्रबंधाच्या प्रती परदेशातील नामवंत शास्त्रज्ञांना पाठवल्या. रिगा शहरातील प्राध्यापक ओस्टवाल्ड यांनी तो प्रबंध वाचला. ते स्वतः आम्लांचा अभ्यास करत होते. जे आम्ल अधिक वेगाने क्रिया करते, त्यातूनच वीजही अधिक वाहते, असे त्यांना आढळले. प्रबंधातील विचाराला हा मोठा आधार होता. ऑगस्ट १८८४ मध्ये ते या तरुणाला भेटण्यासाठी उप्सालाला आले. त्यांनी अऱ्हेनिअस यांना रिगा येथे नोकरी देऊ केली. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्याला शोधत आला, हे पाहून उप्सालाचे लोक चकित झाले. पण अऱ्हेनिअस यांचे वडील फार आजारी होते. त्यांना सोडून जायचे नाही, म्हणून अऱ्हेनिअस यांनी ती नोकरी नाकारली. त्यानंतर उप्साला विद्यापीठानेच त्यांना शिकवण्याचे काम दिले.

पुढे त्यांना प्रवासासाठी आर्थिक मदत मिळाली. त्यांनी ओस्टवाल्ड, बोल्टझमन आणि व्हॅन्ट हॉफ अशा थोर शास्त्रज्ञांबरोबर काम केले. १८८७ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत पूर्ण स्वरूपात मांडला. मीठ पाण्यात विरघळताच त्याचे विद्युतभार असलेले कण सुटे होतात. या कणांना आयन म्हणतात. ते सुटे होण्यासाठी बाहेरून वीज सोडावी लागत नाही.

यावर मोठा वाद झाला. सोडिअम पाण्यात टाकले तर जोराची क्रिया होते आणि ते पेटूही शकते. क्लोरीन हा विषारी वायू आहे. मग मिठाच्या पाण्यात हे दोन्ही सुटे कसे राहतील? शंका योग्यच होती. अऱ्हेनिअस यांचे उत्तर असे होते, की विद्युतभार असलेला कण आणि विद्युतभार नसलेला अणू यांचे गुणधर्म अगदी वेगळे असतात. हळूहळू इतरांच्या प्रयोगांतूनही पुरावे मिळत गेले आणि विरोध कमी झाला.

१८९६ मध्ये त्यांनी आणखी एक मोठा हिशेब केला. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला, तर पृथ्वीचे तापमान किती वाढेल, हे त्यांनी कागदावर आकडेमोड करून काढले. आज सारे जग त्याच प्रश्नाची चिंता करत आहे.

१९०३ मध्ये अऱ्हेनिअस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होते. ज्या सिद्धांतासाठी हा मान मिळाला, त्याचे मूळ त्या चौथ्या श्रेणीच्या प्रबंधातच होते. त्या वेळी रसायनशास्त्राच्या नोबेल समितीचे अध्यक्ष कोण होते, ठाऊक आहे? तेच प्राध्यापक क्लेव्ह! १९०५ पासून अऱ्हेनिअस स्टॉकहोमच्या नोबेल संस्थेचे संचालक होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले.

पाण्यात हायड्रोजनचे आयन देतो तो पदार्थ म्हणजे आम्ल, ही अऱ्हेनिअस यांचीच व्याख्या तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकता. ती शिकताना एवढे लक्षात ठेवा: परीक्षकांनी दिलेली श्रेणी कमी होती, पण त्यांनी आपला विचार सोडला नाही. तो खरा आहे, हे त्यांनी कामातून दाखवून दिले.